नोकरी सोडून ‘लाइव्ह’च्या धंद्यात पडावं का? (एआय, आयपीएल आणि माझा भाचा)

हिंजवडीचा_मामा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. वय ३१, बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता चालू. त्याच्या टीममधली माणसं कमी झाली आणि काम तेवढंच राहिलं, कारण टेस्ट केसेस आता एआय लिहितं. साहेबांनी ठरवलंय की राजीनामा द्यायचा आणि मित्राबरोबर कार्यक्रम करणारी कंपनी काढायची. गाणी, स्टँडअप, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, जे मिळेल ते.

त्याचं म्हणणं असं: पडद्यावर दिसणारं सगळं एआयमुळे फुकटात जमा होणार. गाणं, जाहिरात, मालिका, उद्या सिनेमासुद्धा. मग लोक पैसे कशाला मोजतील? जे डोळ्यांसमोर एकदाच घडतं त्याला. पुरावा म्हणून तो कोल्डप्ले सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादला ओळीनं दोन दिवस लाखा-लाखाचं पब्लिक, खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या. दुसरा पुरावा आयपीएल.

बहिणीनं त्याला समजवायचं काम माझ्यावर टाकलंय, आणि पंचाईत अशी की मलाच त्याचं म्हणणं पटायला लागलंय. या धंद्यातलं कोणी इथे असेल तर सांगा. खरंच चलती येणार आहे का?

फुकट_पास

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. घरचे. मल्टिप्लेक्समधले परवडत नाहीत.

गहुंजे_एक्स्प्रेस

मामा, भाच्याच्या दोन पुराव्यांपैकी दुसरा त्याच्याच विरोधात जातो.

आयपीएलचे प्रसारण हक्क २०१८ ते २०२२ साठी १६,३४७.५० कोटींना गेले होते. २०२३ ते २०२७ साठी गेले ४८,३९० कोटींना. जवळजवळ तिप्पट. हा पैसा मैदानात बसलेल्याचा नाही, मोबाइलवर बघणाऱ्याचा आहे. स्टेडियममधली गर्दी हा त्या कार्यक्रमाचा सेट आहे, आणि त्या सेटचा भाग व्हायला आपण तिकीट काढतो. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. आधी २८ होता.

म्हणजे ‘पडद्यावरचं सगळं फुकट होणार’ हे खेळाला लागू नाही. मॅचचा निकाल आधी कोणाला माहीत नसतो म्हणून पडदा विकला जातो. एआयनं हजार खोट्या मॅच बनवल्या तरी त्या बघून कोणी फटाके उडवणार नाही.

आणि पुण्याचं म्हणाल तर आमच्या कपाळी टीम टिकत नाही. पुणे वॉरियर्स तीन हंगामांत संपली. रायझिंग पुणे दोन हंगाम, त्यात २०१७ ची फायनल एका धावेनं घालवली. २०१८ ला कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने गहुंजेत आले, तर तिकडून पिवळे शर्ट घालून अख्खी रेल्वे भरून माणसं आली. आम्ही पुणेकर पाहुण्यांच्या टीमला टाळ्या वाजवत बसलो. मैदान मोठं आहे, पण वर्षातले बरेचसे दिवस ते रिकामंच असतं. हे धंद्याचं गणित भाच्याला सांगा.

प्यादं

वरच्या मुद्द्याला जोड. यंत्र माणसाला हरवतं म्हणून माणसाचा खेळ संपेल असं वाटणाऱ्यांनी बुद्धिबळाकडे बघावं. कास्पारोव डीप ब्लूकडून १९९७ मध्ये हरला. आज खिशातला फोन जगज्जेत्याला हरवतो. तरी गुकेशची २०२४ ची जगज्जेतेपदाची लढत लोकांनी रात्रंदिवस चघळली. दिव्या देशमुखनं २०२५ ला विश्वचषक जिंकला तेव्हा नागपुरात ढोल वाजले.

उलट इंजिनामुळे (बुद्धिबळ खेळणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) माझ्यासारख्या बेताच्या खेळाडूला बघायला मजा येते. पडद्याच्या कडेला पट्टी वरखाली होते, त्यावरून कळतं की आत्ता कोणीतरी माती खाल्ली.

पण एक लक्षात घ्या. एप्रिल २०२५ मध्ये महिला ग्रां प्रीचा टप्पा पुण्यात झाला, हम्पी जिंकली. जगातल्या अव्वल बायका आपल्या गावात खेळत होत्या आणि आमच्या सोसायटीत कोणाला पत्ता नव्हता. बुद्धिबळात पैसा प्रायोजकाचा असतो, तिकिटाचा नाही.

तिसरी_घंटा

मी हौशी-व्यावसायिक दोन्हीकडे बॅकस्टेज केलंय, म्हणून नाटकाचं सांगते.

बालगंधर्वला जेमतेम हजार खुर्च्या. सगळ्या ५०० रुपयांना गेल्या असं धरा (जात नाहीत, मागच्या रांगा स्वस्त असतात), तरी पाच लाखांच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. त्यातून थिएटरचं भाडं, जाहिरात, कलाकारांची नाइट (म्हणजे प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजची नाइट, नेपथ्याचा टेम्पो, बसचं डिझेल, चहा-वडे. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, हेही तिकीट त्या रेषेवर अडून बसण्याचं एक कारण. आणि चांगली तारीख म्हणजे शनिवार-रविवार. त्यासाठी किती जण टपलेले असतात ते विचारू नका.

आता यात एआय काय करणार? पोस्टर करील. जाहिरातीचा मजकूर लिहील. कोणत्या भागातले लोक कुठल्या नाटकाला येतात ते सांगील. हे सगळं मिळून खर्चातला चिमूटभर भाग आहे. उरलेला खर्च माणसं आणि टेम्पो. टेम्पो प्रॉम्प्ट देऊन येत नाही.

मात्र एक फरक पडलाय. संहिता. एकांकिका स्पर्धेसाठी पोरं ज्या संहिता आणतात त्यांत हल्ली एक गुळगुळीत सूर ऐकू येतो. प्रत्येक पात्र पूर्ण वाक्यात आणि समजूतदारपणे बोलतं. पुरुषोत्तम करंडकाच्या प्रेक्षकांसमोर असली एकांकिका नेली की पहिल्या पाच मिनिटांत निकाल लागतो, परीक्षकांची गरज पडत नाही.

फुकट_पास

समजूतदार पात्रं? पुण्यातलं नाटक आहे हे कोण मानेल?

ऑक्टोपॅड

तिसरी_घंटाताई, तुमच्याकडे माणूस लागतो म्हणून तुम्ही सुरक्षित. आमच्याकडे काय झालं ते ऐका.

मी ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम वाजवतो. आमच्या आधीच्या पिढीनं सांगितलेलं की मुंबईत रेकॉर्डिंगला साठ-साठ व्हायोलिन बसायची, सिंथेसायझर आला आणि ती घरी गेली. त्यातले बरेच स्टेजकडे वळले. कॅसेटवर काम गेलं तरी लग्न, गणपती, कोजागरी, कंपनीचा वार्षिक दिवस यांना जिवंत वाजवणारे लागायचेच. भाचा म्हणतोय तेच तेव्हा आम्ही म्हणायचो, की रेकॉर्ड मशीन खाईल, स्टेज आपलं.

मग कराओके आला. तरी ते ट्रॅक रटाळ असायचे, कोणीतरी कीबोर्डवर बडवलेले. जाणकार माणूस म्हणायचा, नको, वादक बोलवा. २०१९ मध्ये डीझरनं स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट सोडलं आणि मग त्याच्यासारखी शंभर आली. जुनं मूळ गाणं घाला, आवाज बाजूला, वाद्यं बाजूला. म्हणजे आज गायकाच्या मागे खुद्द मूळ रेकॉर्डिंगमधलेच वादक वाजवतात. ढोलकी तीच, बासरी तीच. त्यांच्याशी मी काय स्पर्धा करणार? ते तर माझे देव आहेत.

पूर्वी बारा जणांचा संच जायचा. आता गणेशोत्सवात कधी चार जण, कधी नुसता लॅपटॉप आणि दोन गायक. समोर बसलेल्याच्या लेखी तोही लाइव्हच. एआय स्टेजवर चढत नाही हे खरं, पण स्टेजवरच्या खुर्च्या कमी करतं. भाचा आयोजक होणार असेल तर त्याचा फायदाच आहे. वादक होणार असेल तर हप्ता आधी फेडू दे.

औंधची_मेघना

ऑक्टोपॅडकाका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, माझे बाबा त्या लॅपटॉपवाल्या ग्रुपमध्ये गातात. निवृत्त झाल्यावर घरात नुसते बसून होते. आता महिन्यातून दोनदा छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम, आठवडाभर रियाज, नवा कुर्ता. बारा वादक बोलवायचे तर यांना कधीच गाता आलं नसतं.

ऑक्टोपॅड

मेघना, बाबांना गाऊ दे गं, माझा राग त्यांच्यावर नाही. फक्त हे बघ की तिथे पैसे कोण देतं. गाणारेच देतात ना? गाण्यामागे ठरावीक वर्गणी, आणि समोर बसलेले त्यांचे नातेवाईक, फुकट. आमच्या वेळी ऐकणारा पैसे मोजायचा, आता गाणारा मोजतो. भाच्याला खरंच धंदा करायचा असेल तर यात आहे. हॉल, साउंड, ट्रॅक आणि फोटो. तोटा होऊच शकत नाही, कारण प्रेक्षक यायची गरजच नाही.

हिंजवडीचा_मामा

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भाचा कोल्डप्लेचं स्वप्न बघतोय आणि तुम्ही त्याला ज्येष्ठ नागरिक संघात पाठवताय.

अर्थाचा_अनर्थ

ऑक्टोपॅड यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. अर्थशास्त्रात यावर जुनी मांडणी आहे. बॉमोल आणि बोवेन या दोघांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीताच्या खर्चाचा अभ्यास केला. कारखान्यात यंत्र आलं की तोच माल कमी माणसांत निघतो. पण चौघांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या वेळात व्हायची तेवढाच वेळ आणि तेवढेच चार जण आजही लागतात. आपल्याकडे म्हणाल तर विलंबित एकताल दुप्पट वेगात गाऊन उत्पादकता वाढवता येत नाही. बाकी जगात पगार वाढतात, म्हणून कलाकाराची बिदागीही वाढवावी लागते, पण खुर्च्या तेवढ्याच. त्यामुळे दर वर्षी ती मैफल तुलनेनं महाग होत जाते.

एआय बाकी सगळं स्वस्त करणार असेल तर ही दरी आणखी रुंदावेल. मग वाटा दोन. एक, खुर्च्या वाढवा, म्हणजे स्टेडियम. दोन, माणसं कमी करा, म्हणजे ऑक्टोपॅड म्हणतात ते. मधल्या आकाराचं जे आहे, म्हणजे पाचशे-हजार खुर्च्यांचं नाटक किंवा बारा जणांचा ऑर्केस्ट्रा, ते दोन्हीकडून चेपलं जातं. चलती येईल, पण ती सगळ्यांच्या दारात येणार नाही. कोल्डप्लेवरून पुण्यातल्या स्टँडअपचा अंदाज बांधणं म्हणजे अंबानींच्या लग्नावरून केटरिंगच्या धंद्याचा अंदाज बांधणं.

पेठेतला_पाहुणा

मग सवाई गंधर्व महोत्सव कुठे बसतो या मांडणीत? १९५३ पासून चालू आहे. रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तरी माणसं गेलीच मागोमाग. पाच दिवस लोक रजा टाकून बसतात. सगळ्या गायकांचं सगळं यूट्यूबवर असताना.

अर्थाचा_अनर्थ

सवाईला खुर्च्या वाढवता आल्या, भारतीय बैठकीसकट. आणि तिथे लोक निम्मे गाण्याला आणि निम्मे एकमेकांना भेटायला जातात. हे निम्मं एआयला जमत नाही.

पेठेतला_पाहुणा

निम्मे नाही. एक तृतीयांश वडापावला.

आभासी_षड्ज

पण ‘समोर घडणारं’ म्हणजे माणूसच हवा हे कोणी ठरवलं? लंडनला मे २०२२ पासून ॲबाचा कार्यक्रम चालू आहे. तीन हजारांचं खास बांधलेलं सभागृह, पडद्यावर चौघांच्या तरुणपणीच्या डिजिटल प्रतिमा, खाली दहा जणांचा जिवंत वाद्यवृंद. लोक रडतात, नाचतात, तिकिटं काढतात. खरे चौघं घरी बसून आहेत. उद्या आपल्याकडे दिवंगत गायकांचं असं काही निघालं तर पुण्यात पहिली रांग लागेल.

तिसरी_घंटा

मी नाही उभी राहणार. भीमसेनजींची तान आता कुठे जाऊन कशी समेवर येते, हा जीव टांगणीला लागायचा म्हणून लोक जायचे. आधीच ठरलेली तान बघायला मांडी घालून कशाला बसू?

औंधची_मेघना

आणि परवानगी? अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये रोखलं, २०२५ मध्ये आशाताईंच्या बाबतीतही तसाच आदेश झाला. रहमाननं दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला. म्हणजे त्यातही आधी घरच्यांना पैसे लागणारच. भाच्याचं बजेट किती आहे?

आभासी_षड्ज

ऑक्टोपॅडकाकांना तरी आनंद व्हावा. ॲबाच्या कार्यक्रमात गायक डिजिटल आणि वादक खरे!

ऑक्टोपॅड

झाला. पासपोर्ट काढतो.

रेषेवरचा

अवांतर. खेळात एआय आणि कॅमेऱ्यांनी पंच घालवायला सुरुवात केलीच आहे. विम्बल्डननं १४७ वर्षांनी २०२५ मध्ये रेषापंच काढून टाकले. आणि त्याच वर्षी पाव्ल्युचेन्कोव्हाच्या मॅचमध्ये एका बाजूची यंत्रणा चुकून कोणीतरी बंद केली होती. चेंडू सरळ बाहेर, यंत्र गप्प. मुख्य पंच बिचारे गोंधळले आणि गुण पुन्हा खेळवला. माणूस असता तर निदान ओरडला असता. ती सामना जिंकली म्हणून निभावलं.

आपल्या बालेवाडीतही २०१८ ते २०२३ एटीपीची स्पर्धा व्हायची, चेन्नईहून आलेली. गेली. आता आम्ही क्लबात एकमेकांचेच रेषापंच. त्यात तर रोज भांडणं.

तालमीतला

रेषापंचाचं काय घेऊन बसलात? कुस्तीला आणा ते कॅमेरे. २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत खांदे टेकले की नाही यावरून काय रण माजलं ते सगळ्यांनी पाहिलंय, पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. चार बाजूंनी कॅमेरा आणि एका मिनिटात निकाल, एवढं झालं तरी पैलवानाच्या वर्षाच्या खुराकाचं चीज होईल.

फुकट_पास

आणि यंत्रानं चितपट दिलं तर लाथ कोणाला मारायची?

तालमीतला

वायरमनला.

नारायणगावकर

पुण्याच्या बाहेरचंही ऐका थोडं. आमच्याकडे गुढीपाडव्याच्या आधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, फड बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. तिकीट नाही, जाहिरात नाही, ॲप नाही. धंदा सगळा तोंडावर आणि शब्दावर.

हल्ली कमिटीतली पोरं फोनवर रील दाखवतात आणि ‘ही बाई आहे का तुमच्यात?’ विचारतात. गेल्या हंगामात एकानं दाखवलेला व्हिडिओ एआयचा निघाला, तशी बाई कुठल्याच फडात नव्हती. मालकानं शांतपणे सांगितलं, ‘आहे, पण तिची सुपारी तुम्हाला झेपायची नाही.’

गंमत सोडा. फडाला मारलं ते एआयनं नाही. डीजेनं मारलं, रात्री दहाच्या नियमानं मारलं, आणि वगनाट्य अर्ध्यावर थांबवून गाण्यांची फर्माईश करणाऱ्या पब्लिकनं मारलं. पन्नासेक माणसांचं बिऱ्हाड ट्रकवर घेऊन फिरायचं आणि पावसाळ्यात सगळ्यांना घरी बसून पोसायचं. बॉमोलसाहेबांना नारायणगावला आणायला पाहिजे होतं.

मांडववाला

उशिरा आलो, लग्नसराई चालू आहे. मामा, मी साउंड-लाइट-मांडवात आहे. भाच्याला सरळ सांगा.

एआयनं आमच्याकडे काय बदललं? एलईडी वॉलवर मागे जी चित्रं हलतात ती पूर्वी डिझायनर करायचा, आता माझा मुलगा रात्रीत करतो. त्यात एकदा गणपतीच्या हाताला सहा बोटं आली होती, आरती चालू असताना मंडळाच्या अध्यक्षांच्या लक्षात आली. निवेदकाची स्क्रिप्टही तिथूनच येते. गेल्या दिवाळी पहाटला लागोपाठ तीन ठिकाणी साउंड होता, तिन्ही निवेदकांनी ‘सुरांच्या या मंगलमय प्रवासात’ असंच स्वागत केलं. एवढाच एआय.

पैसा कशात बुडतो ते वेगळंच आहे. कलाकाराचा ॲडव्हान्स आधी, जागेचं डिपॉझिट आधी, ट्रस आणि जनरेटर आधी. तिकिटं मात्र शेवटच्या चार दिवसांत विकली जातात. पोलिस, महापालिका, अग्निशामक, वाजवायच्या गाण्यांसाठी पीपीएल आणि आयपीआरएस या संस्थांचे परवाने. यातला एक कागद अडला की सगळं अडलं. स्पीकर दहाला बंद, बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही करायचं नाही. आणि मोठ्या कार्यक्रमात खाण्यापिण्याचं उत्पन्न धरलेलं असतं. २०२४ च्या नोव्हेंबरात कोथरूडला दिलजीतचा कार्यक्रम होता, मद्याचा परवाना ऐनवेळी रद्द झाला. एवढ्या मोठ्या नावाला ते झेपलं. नवख्या माणसाचं तेवढ्यात घर विकलं जाईल.

पुणेकर तिकीट काढत नाही हे मात्र खोटं. एनएच७ वीकेंडर २०१० ला इथेच सुरू झाला. पुणेकर तिकीट काढतो, फक्त उशिरा काढतो आणि पार्किंग फुकट मागतो.

त्यातल्या त्यात टेनिस बॉलची स्पर्धा बरी. टीम प्रवेश फी आधी भरतात, बक्षीस गावातला कोणीतरी नेता देतो, मैदान स्वस्त. हल्ली चेंडूमागे आपोआप फिरणारे कॅमेरे मिळतात, षटकार कापून वेगळे काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. प्रत्येक पोराला त्याचा षटकार संध्याकाळी फोनवर हवा असतो आणि त्याला तो पैसे देतो. तुमच्या भाच्याला यंत्रं कळतात. आमच्यातल्या कोणाला कळत नाहीत.

गहुंजे_एक्स्प्रेस

हा प्रतिसाद स्वतंत्र धागा करावा. आणि बघा, इथेही पैसा पुन्हा पडद्यावरच आला.

हिंजवडीचा_मामा

भाच्याला धागा वाचायला दिला. ऑक्टोपॅडकाकांचा प्रतिसाद त्यानं दोनदा वाचला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘स्टेजवर माणसं कमी होणार असतील तर मी त्या बाजूला उभा राहणार का, हे मला ठरवायला पाहिजे.’ मला ते आवडलं.

तूर्त राजीनामा नाही. हिवाळ्यात शनिवार-रविवार धरून एक टेनिस बॉल स्पर्धा, कॅमेऱ्यासकट. ॲडव्हान्स पगारातून, फ्लॅटच्या हप्त्याला हात लावायचा नाही, ही माझी अट. बहीण म्हणते मी तिच्या बाजूनं बोललोच नाही.

औंधची_मेघना

स्पर्धेत बक्षीस समारंभाला गाणी ठेवा. बाबा येतील. ट्रॅक त्यांचाच, वर्गणीही भरतील.

ऑक्टोपॅड

आणि एक ढोलकीवाला खरा ठेवा. पैशाचं नंतर बघू.

मांडववाला

मामा, डिसेंबरात सवाईच्या आठवड्यात तारीख धरू नका, चांगला साउंडवाला मिळायचा नाही. मैदानाचं नाव कळलं की सांगा, वीज कुठून घ्यायची ते मी येऊन बघतो.

नारायणगावकर

मांडववाले, चैत्रात एखादा ६२ केव्हीएचा जनरेटर मोकळा असेल का? आमच्या यात्रेचा ठरलेला माणूस या वर्षी नाही म्हणतोय. व्यनि करतो.

मांडववाला

करा. डिझेल तुमचं.